नाव घातलेली भांडी

मी जुनी भांडी जमवतो. सरसकट नाही, ज्यांच्यावर नाव घातलेलं असेल तेवढीच. पितळेची, तांब्याची, क्वचित एखादं काशाचं. बायको म्हणते, माणसं निवृत्त झाली की देवाला लागतात, आमचे हे भंगाराला लागले. ती म्हणते ते खोटं नाही. धुळ्यात सरकारी कचेरीत माझी सगळी नोकरी लोकांच्या अर्जांवरची नावं वाचण्यात गेली. तिथून सुटलो तर भांड्यांवरची वाचत बसलो. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

सुरुवात जळगावला झाली. एका लग्नाला तिथे गेलो होतो, जाता जाता मिक्सरचं भांडं बदलायला बाजारात शिरलो. वाटेत एका भंगारवाल्याच्या दुकानासमोर पितळेचा ढीग पडला होता आणि ढिगाच्या टोकाला एक कळशी कलंडलेली होती. तिच्या गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, ‘मामाकडून भाचीस’. बस, एवढंच. ना मामाचं नाव, ना भाचीचं, ना गावाचं. त्या मामाला वाटलं असणार, आपल्या भाचीला मामा एकच आहे, तिला कळेल. मी तिथे उन्हात किती वेळ उभा होतो देव जाणे. मिक्सरचं राहिलं आणि कळशी घेऊन घरी आलो. बायकोने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

या छंदात मजा आहे हे मात्र मी कुणापुढेही कबूल करीन. काळंठिक्कर पडलेलं भांडं घरी आणायचं, चिंच आणि मीठ घेऊन अंगणात बसायचं, आणि घासता घासता एकेक टिंब उजळून वर यायला लागतं. आधी काना दिसतो, मग वेलांटी, मग अख्खा शब्द. माझ्या लहानपणी भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस छिन्नी आणि हातोडी घेऊन बसलेला असे. नाव सांगायचं, तो टकटक टकटक करत टिंबं पाडत जायचा. पुढे यंत्र आलं आणि अक्षरं सगळी एका साच्यातली झाली. हाताच्या अक्षरात माणूस दिसतो. सुरुवातीला ऐसपैस अक्षरं, मग जागा संपत आली हे लक्षात येतं, आणि शेवटची तीन अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात.

लग्नात हीच भांडी लाउडस्पीकरवरून पुकारली जायची. अमक्याकडून हंडा, तमक्याकडून परात. देणाऱ्याची मान ताठ व्हायची आणि ज्याने नुसता तांब्या दिला तो मांडवाच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचा. माझ्याकडे एक पातेलं आहे, त्यावरचं जुनं नाव कानशीने घासून वर दुसरं घातलंय. मी म्हणतो, ही आहेराची फिरवाफिरवी, आलेलं भांडं पुढच्या लग्नात ढकललं. बायको म्हणते, नाही, पहिली बायको गेली असेल आणि दुसरी आली असेल. यावरून आमचं दोनदा भांडण झालंय.

जळगावचा तो भंगारवाला माझ्याच वयाचा, बापाच्या हाताखाली तयार झालेला मुसलमान गृहस्थ. माझं वेड त्याच्या लक्षात आल्यावर तो लिहिलेली भांडी बाजूला काढून ठेवायला लागला. फोनवर फोटो पाठवायचा. महिन्या-दीड महिन्याने मी एसटीने जळगावला जायचो, त्याच्या दुकानात स्टुलावर बसायचो आणि वाचत राहायचो. एकदा मी सहज विचारलं, “भाई, इतकी भांडी येतात कुठून?” तो म्हणाला, “साहब, ये सब बेटियों का माल है. मर्द के नाम का कम आता है. बाई गेली, नाहीतर बाईची घरातली जागा गेली, की आठ दिवसांत हे माझ्याकडे.” मला ते वाक्य फार आवडलं. घरी आलेल्या पाहुण्यांना मी ते रंगवून सांगत असे. त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला मात्र वेळ लागला.

मला एक बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणतो, ती मला भाऊ. आई शेतात जायची तेव्हा अक्काच मला कडेवर घेऊन फिरायची. तिला धरणगावला दिलं त्या दिवशी मी तिच्या लुगड्याला धरून इतका रडलो की बैलगाडीत मलाही बसवावं लागलं. आठ दिवस मी तिच्या सासरी राहिलो. सासूने तोंड वाकडं केलं, तरी अक्काने मला ताटात आधी वाढलं.

आईवडील गेले, गावाकडचं घर विकलं, आणि अक्काचं माहेर म्हणजे धुळ्यात देवपुरातलं माझं घर झालं. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही तर लोक विचारतात, काय झालं म्हणून. अक्का दर आखाजीला यायची. आल्यावर आधी आईवडिलांच्या नावाची घागर भरायची, मग सांजोऱ्यांचं सारण स्वतःच्या हाताने भाजायची. आठ-दहा दिवस राहायची. मागची खोली तिची. तिथे तिची खाट, खिडकीत तिची तंबाखूची डबी आणि बाहेर निंबाचं झाड. दुपारी ती त्या खोलीत पडल्या पडल्या आखाजीची गाणी पुटपुटायची. मी कचेरीत शुद्ध बोलून बोलून अहिराणी विसरलो होतो, अक्का आली की ती माझ्या कानात परत यायची.

निवृत्तीनंतर भांडी वाढली. आधी दिवाणखान्यात, मग स्वयंपाकघराच्या माळ्यावर. बायकोने हात जोडले तेव्हा मी मागची खोली घेतली. लोखंडी मांडण्या करून घेतल्या, तीन भिंतींना छतापर्यंत. खाट अडचण करत होती, ती गच्चीवर नेली आणि पावसाने तिची वाट लागली. वर्षातले दहा दिवस वापरायची खोली, असा माझा हिशेब होता. तो मला तेव्हा अगदी सरळ वाटला.

त्या वर्षी अक्का आली. तिला दिवाणखान्यात, टीव्हीसमोर गादी घातली. मी तिला हात धरून खोली दाखवायला नेलं. अक्काला वाचता येत नाही, म्हणून मी एकेक भांडं हातात घेऊन वाचून दाखवलं. हे काकाकडून, हे गल्लीतल्या मंडळींकडून, हे आत्याबाईकडून. ती पदर डोक्यावर घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “भलता छान शे, भाऊ.” मला वाटलं, तिला खरंच आवडलं. चार दिवसांनी ती परत गेली. पुढच्या वर्षी एकच दिवस राहिली. तिसऱ्या वर्षी फोनवर म्हणाली, “ऊन भलतं शे रे, आते सोसत नही.” आमच्याकडे आखाजीला ऊन कधी नव्हतं? पण मी ते खरं मानलं. खरं सांगतो, मला थोडं हायसंच वाटलं, कारण तेव्हा दिवाणखान्यातही नवीन आलेले दोन बंब ठेवलेले होते.

भाचा जळगावला नोकरीला. त्याने तिथे फ्लॅट घेतला आणि धरणगावचं घर विकायला काढलं. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा अक्काला एकटीला तिथे ठेवण्यात अर्थ नव्हता. तिचा फोन आला. “भाऊ, घर खाली करी राहिनात. मना भांडा तू लई जा. मोडमा नको जावाले.”

भांडी मोडीत जायच्या आत म्हणून मी दुसऱ्याच दिवशी टेम्पो केला. वडिलांनी अक्काला दिलेली भांडी मला पाठ होती, पण हातात कधी घेतली नव्हती. हंडा, कळशी, परात, तीन पातेली, डबे आणि ते मोठं तांब्याचं घंगाळ. त्याच्या काठावर लिहिलेलं, ‘लेकीस वडिलांकडून’. इतकं सुंदर, इतकं मोकळं अक्षर माझ्या सगळ्या खोलीत दुसरं नव्हतं. मी लहान पोरासारखा खूश होतो. ड्रायव्हरला ओरडत होतो, हळू धर, पोतं घाल मधे, आपटू नको.

अक्का ओट्यावर बसली होती. नवं लुगडं नेसली होती, शेजारी कापडी पिशवी गच्च भरून ठेवलेली. मला वाटलं, जळगावला जायची तयारी. सगळं टेम्पोत चढल्यावर ती उठली, ओटा उतरून टेम्पोजवळ आली आणि तिने विचारलं, “भाऊ, पुढे एक माणूसले जागा शे का?”

मी म्हणालो, “नाही गं अक्का, पुढे घंगाळ ठेवलंय. मागे ठेवलं तर पोचा पडेल.”

ती म्हणाली, “बरं, र्‍हाऊ दे.” आणि तिने टेम्पोच्या दाराला हात लावून नमस्कार केला. मी तो भांड्यांना केलेला निरोप समजलो. वाटभर मी घंगाळ मांडीशी दाबून धरलं होतं.

संध्याकाळी भाच्याच्या बायकोचा फोन आला. “मामा, आईंना का नाही नेलं? पहाटेपासून पिशवी भरून बसल्या होत्या. सगळ्या गल्लीत सांगून आल्या, भाऊ न्यायला येतोय म्हणून.” मी म्हटलं, गडबडीत राहून गेलं, येतो लवकरच. फोन ठेवला आणि बायकोला काहीच सांगितलं नाही.

लवकरच गेलो नाही. इथे मला स्वतःची लाज वाटते, पण लिहायला बसलो तर अर्धं लिहिण्यात अर्थ नाही. त्यानंतर मी दोनदा जळगावला गेलो, दोन्ही वेळा भांड्यांसाठी. भाच्याचा फ्लॅट त्या बाजारापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. दोन्ही वेळा मनात आलं, वर जाऊन भेटावं. पण हातात जड पिशव्या होत्या, आणि खरं कारण सांगायचं तर तोंड दाखवायची हिंमत नव्हती. अक्काने मला कधी काही विचारलं नसतं, हे ठाऊक होतं. तीच भीती होती.

हिवाळ्यात अक्का न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यात मी गेलो, पण तेव्हा ती गुंगीत होती. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, चालणं कठीण आहे. भाच्याची बायको म्हणाली, आता आईंना पॅसेजमधल्या पडद्याआड नाही, आमच्या खोलीत झोपवावं लागेल. त्या दिवशी घरी आलो आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. तिन्ही भिंतींना कुणाच्या तरी लेकी, भाच्या, बहिणी, पुतण्या रांगेने उभ्या होत्या, आणि माझी एकुलती एक बहीण एका फ्लॅटच्या पॅसेजमध्ये पडद्याआड झोपत होती. बायको आली. तिने विचारलं नाही, मीच सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला तेव्हाच कळायला हवं होतं. मीही बाईच आहे ना.”

आम्ही दोघांनी खोली रिकामी केली. आठवडा लागला. निम्मी भांडी एका शाळेच्या संग्रहाला दिली, बाकीची पोत्यांत बांधून जिन्याखाली रचली. मांडण्या मोडून काढल्या, भिंतींना चुना दिला. नवी खाट आणली, थोडी उंच, म्हणजे अक्काला उठायला सोपं. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. डॉक्टरांनी अक्काला प्रवासाची परवानगी दिली तेव्हा आखाजीला आठ दिवस होते. गाडी ठरवली, मागची सीट पूर्ण मोकळी हवी असं ड्रायव्हरला तीनदा बजावलं, आणि जळगावला गेलो.

अक्का खिडकीजवळ पलंगावर टेकून बसली होती. फार आटली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पण डोळे स्वच्छ होते, मला लगेच ओळखलं. सुनेला म्हणाली, “मना भाऊले पाणी दे, धुळाथीन उना शे.” मी पलंगाच्या काठावर बसलो. तिचा हात हातात घेतला आणि एवढंच म्हणालो, “अक्का, न्यायला आलोय.”

तिने मान वळवून खोलीभर नजर फिरवली. भाच्याचं कपाट, टीव्ही, औषधांचा डबा. परत माझ्याकडे बघून म्हणाली, “काय लेवाले उना रे भाऊ? भांडा ते बठ्ठा तूच लई गया. मनाकडे आते काहीच नही र्‍हायनं.”

त्यात टोमणा नव्हता. मी एवढ्या उन्हातून आलो आणि मला द्यायला तिच्याकडे काही उरलं नाही, याचं तिला खरोखर वाईट वाटत होतं.