फळ्यावरचा बावन्न

त्या सकाळची आठवण अजून फिकी पडलेली नाही. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या एका शहरात मी पोलीस सेवेत होतो. अपघातांची पुनर्रचना हे माझे काम. मोडलेल्या गाड्या, टायरच्या खुणा, काचांचे तुकडे पाहून शेवटच्या काही सेकंदांत काय घडले ते कागदावर मांडायचे. अमरावतीला बीएस्सीला शिकलेले पदार्थविज्ञान मला इथे येऊन कामी आले.

जानेवारीचे दिवस होते. तापमान उणे एकतीस. ड्यूटी सुरू होऊन अर्धा तासही झाला नव्हता, तोच फोन आला. रिंग रोडच्या पुलाखाली एक पिकअप ट्रक काँक्रीटच्या खांबावर समोरून आदळला होता. मी पोहोचलो तेव्हा बर्फाळ धुके इतके दाट होते की खांब दिसत होता, पण वरचा पूल दिसत नव्हता. चालकाला अँब्युलन्स घेऊन गेली होती. त्याची पत्नी जागीच गेली होती. ती अजून आतच होती.

रस्त्यावर ब्रेकची एकही खूण नव्हती. चालकासमोरची एअरबॅग उघडली होती, पत्नीसमोरची उघडली नव्हती. तिचा सीटबेल्ट सुटा होता. मागच्या उघड्या भागातल्या दोन सुटकेस सुटून पुढे येऊन आदळल्या होत्या. एक फुटली होती आणि तिच्यातले घडी घातलेले बायकी कपडे बर्फावर पसरले होते. एवढे सामान भरून बाई कुठे निघाली होती, हा प्रश्न मी पहिल्याच पानावर लिहिला.

चालक एका कॉलेजात पहिल्या वर्षाला पदार्थविज्ञान शिकवणारा प्राध्यापक. वय पंचावन्नच्या आसपास. बेल्टने त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले होते, बाकी तो ठीक होता. हॉस्पिटलमध्ये त्याने जबाब दिला. पत्नीला एअरपोर्टवर सोडायला निघालो होतो, रात्री झोप झाली नव्हती, डुलकी लागली, पुढचे काही आठवत नाही. मी विचारले, पत्नीने बेल्ट का काढला?

"पर्स पायाशी पडली असेल. ती वाकली असेल," तो म्हणाला. आवाजात कंप नव्हता. पण धक्क्यातली माणसे कशीही बोलतात. त्यावरून मी कधी मत बनवत नाही.

एअरबॅगच्या यंत्रणेत धडकेपूर्वीच्या पाच सेकंदांची नोंद राहते. ती आम्ही काढली. पाच सेकंद आधी वेग ताशी चौसष्ट किलोमीटर. मग ब्रेकला हलका स्पर्श. मग ब्रेक सोडलेला. शेवटचे दोन सेकंद वेग बावन्नवर स्थिर, पाय ॲक्सिलरेटरवर. गाडी दोनच सीटांची होती. अशा गाडीत लहान मुलाला पुढेच बसवावे लागते, म्हणून शेजारची एअरबॅग किल्लीने बंद करता येते. ती बंद केलेली होती. या जोडप्याला मूल नव्हते.

मी ते आकडे बराच वेळ पाहत बसलो. डुलकी लागलेला माणूस वेग कमी करून तो एका आकड्यावर धरून ठेवत नाही. बावन्नला बेल्ट लावलेला, एअरबॅग असलेला माणूस वाचण्याची शक्यता चांगली. दोन्ही नसलेल्याची फार कमी. जणू कोणी हिशोब करून वेग निवडला होता.

सरकारी वकील बाईंनी फाइल वाचली आणि म्हणाल्या, "एवढ्यावर खून सिद्ध होणार नाही. झोपेत पाय हलतो, असे बचाव पक्ष म्हणेल." त्यांचे बरोबर होते. नोंदीतले आकडे आम्ही बाहेर कोणालाही सांगितले नव्हते. ते चौघांनाच माहीत होते.

दहाव्या दिवशी दुपारी काउंटरवरच्या शिपायाने मला बोलावले. एक मुलगी 'मराठी बोलणारे ऑफिसर' विचारत आली होती. नागपूरकडची, वीस-एकवीसची, अंगात जाड पार्का कोट, पाठीवर सॅक. ती त्या प्राध्यापकाच्या वर्गात होती.

"काका, माझं नाव बाहेर येईल का?" ती बसायच्या आधीच म्हणाली. "माझं स्टडी परमिट रिन्यू व्हायचंय. पुढे पीआरला अप्लाय करायचंय. घरी सांगितलं तर बाबा म्हणतील, यात पडू नको."

मी तिला खोटे सांगितले नाही. "येईल. केस उभी राहिली तर साक्ष द्यावी लागेल. पण खरं सांगितल्यामुळे तुझ्या परमिटला काही होणार नाही."

ती खुर्चीत बसली. मग तिने सॅकमधून वही काढली.

अपघाताच्या आदल्या आठवड्यात वर्गात संवेग शिकवून झाला होता. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो शून्यावर आणताना जितका कमी वेळ लागतो, तितके बल जास्त. बेल्ट आणि एअरबॅग तो वेळ वाढवतात, म्हणून माणूस वाचतो. फळ्यावरचे उदाहरण तिने उतरवून घेतले होते. गाडी ताशी साठ किलोमीटरने भिंतीवर आदळते. प्रवाशाचे वस्तुमान चोपन्न किलो. बेल्ट असताना बल किती, नसताना किती?

शवविच्छेदनाच्या अहवालात पत्नीचे वजन चोपन्न किलो होते.

"आणि काल सर परत आले," ती म्हणाली. "हात स्लिंगमध्ये. आम्हाला वाटलं, सुट्टी घेतील. त्यांनी गुड मॉर्निंग म्हटलं आणि तोच प्रॉब्लेम पुन्हा लिहिला. म्हणाले, गेल्या वेळी एक व्हॅल्यू बरोबर नव्हती. साठ खोडलं आणि बावन्न लिहिलं." तिने पान माझ्याकडे वळवले. "कोणी हललंसुद्धा नाही, काका. सर्वांना ॲक्सिडेंटचं माहीत होतं. ते एका हाताने, हळूहळू, अख्खं सोडवत होते."

मी तिला पाणी दिले. जाता जाता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. "सरांना फळ्यावर चुकीचा आकडा सहनच होत नाही. दुसऱ्याच्या वर्गातलंसुद्धा जाऊन दुरुस्त करतात."

दोन दिवसांनी प्राध्यापक चौकशीला आला. त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. तो वकिलाशी फोनवर बोलला. वकिलाने गप्प राहायला सांगितले असणार, पण तो म्हणाला, "लपवण्यासारखं काही नाही." कॅमेरा चालू होता. पहिला तासभर तेच उत्तर मिळाले. डुलकी, आठवत नाही.

मग मी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याकडे गेलो. म्हणालो, "मीही पूर्वी थोडं फिजिक्स शिकलोय. अहवाल लिहायचाय. जरा बघाल?" वस्तुमान चोपन्न लिहिले. वेगाच्या जागी पाच सेकंद आधीचा चौसष्ट लिहिला आणि सावकाश भागाकार करू लागलो.

मागे खुर्ची सरकली. तो उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. माझ्या हातातला मार्कर त्याने काढून घेतला, अगदी मायेने, जसा शिक्षक विद्यार्थ्याच्या हातातला खडू घेतो. चौसष्टवर काट मारली.

"ही चूक सगळेच करतात," तो म्हणाला. "आदळतानाचा वेग घ्यायचा. आधीचा नाही." आणि त्याने बावन्न लिहिले.

मी विचारले, "तुम्ही झोपला होता ना?"

तो फळ्याकडे पाहत राहिला. मार्करचे टोपण शोधून त्याने नीट बसवले, मार्कर कडेला ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. मग तो म्हणाला, "ती हॅमिल्टनला बहिणीकडे चालली होती. परतीचं तिकीट काढलं नव्हतं." एवढेच. त्यानंतर त्याने वकील मागितला.

रेकॉर्डिंग, वही आणि गाडीची नोंद एकत्र आल्यावर बचावाला फारशी जागा उरली नाही. खटला उभा राहण्यापूर्वीच त्याने गुन्हा कबूल केला. जन्मठेप झाली. त्या मुलीला साक्ष द्यावी लागली नाही. पुढे तिला पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्याचा निरोप तिने पाठवला.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. त्याआधी मी जबाबातल्या विसंगती शोधायचो. त्यानंतर, कुठे माणूस गरजेपेक्षा जास्त अचूक बोलतो, तिकडेही लक्ष देऊ लागलो. दुःखात माणसाचे तपशील घसरतात, वेळा चुकतात, वार चुकतो. ज्याचे काहीच चुकत नाही, त्याच्यापाशी मी थोडा जास्त थांबतो.

निकालानंतर मृत बाईची बहीण मला भेटायला आली. साठीच्या बाई, नर्सची नोकरी केलेल्या. त्यांनी रडारड केली नाही. एकच विचारले, "तिला कळलं होतं का?"

ब्रेक लागला तेव्हा तिने वर पाहिले असेल. बेल्टचा खटका उघडल्याचा आवाज ऐकला असेल. खटक्यावरच्या नवऱ्याच्या हाताकडे, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले असेल. तो खटका नेमका कोणत्या सेकंदाला उघडला, हे गाडीच्या नोंदीत नव्हते, आणि त्याने कधी सांगितले नाही.

"नाही," मी म्हणालो. "तिला काही कळलं नाही."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत पुराव्याशिवाय दिलेले माझे ते एकच उत्तर.