स्वरयंत्र काढल्यानंतर आलेला आप्पांचा फोन

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. गेजमध्ये बसला नाही की पार्ट रिजेक्ट — डोकंही तसंच घडलंय. नवस, उतारे, अंगात येणं... असल्या गोष्टींवरून मी घरात कायम भांडत आले. तेव्हा हे वाचून कुणी हसलं तर राग येणार नाही. मीही हसलेच असते.

माझे वडील, आप्पा, फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. कोरेगावजवळच्या गावात ते आणि आई, दोघंच. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक, त्यात नळी, त्यातूनच श्वास. आवाज कायमचा गेला. पाटीवर लिहून बोलायचे. यंदा आजार हाडांत उतरला आणि हॉस्पिटलने फाइल हातात दिली. "आता करण्यासारखं काही नाही. घरी न्या."

करण्यासारखं काही नाही! ज्याला कण्हतासुद्धा येत नाही असा माणूस दात आवळून घामाने भिजतोय, आणि करण्यासारखं काही नाही? दुखण्यावर मॉर्फिन मिळेल का म्हणून मी साताऱ्यात किती उंबरे झिजवले. एक म्हणाला, सवय लागेल. दुसरा म्हणाला, आमच्याकडे नसतं. तिसऱ्याने मान वर न करता विचारलं, "पेशंटला का नाही आणलं?" कूस बदलताना ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याला जीपमध्ये घालून आणू?

मग मी रजा टाकून गावीच राहिले. त्यात आप्पा एकाएकी बिथरले. उठू बघायचे, पाय झाडायचे, पाटी दिली तर भिरकावायचे. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी उंबऱ्यातूनच बघितलं. "आजार डोक्यात गेला असेल आता," म्हणाले, आणि झोपेचं इंजेक्शन देऊन गेले. गळ्यातली नळी उपसतील या भीतीने आई आणि मी त्यांचे हात मऊ पंच्याने खाटेला बांधले. मीच गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरांनी त्यांना पुन्हा इंजेक्शन दिल्यावर, मी सांगलीला निघाले. माधवनगरच्या बाजूला अशा पेशंटचं दुखणं बघणारं एक छोटं सेंटर आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. एसटी पेठ नाक्याच्या पुढे गेली होती, भर ऊन... आईच्या नंबरवरून फोन आला.

"सुमे..."

आप्पांचा आवाज. परेडवर ओरडून ओरडून फाटलेला, तोच.

"लघवी तुंबलीया गं. दोन दिस झालं. कुणी बघतच न्हाई."

मी "आप्पा?" म्हणेपर्यंत फोन कट. उलटा फोन लावला, आईने उचलला.

"आई, आत्ता आप्पा बोलले?"

"आगं, काय बोलतीयास? झोपल्यात ते. हात बांधल्यात. फोन खिडकीत हाय आन् मी हितंच बसलीया. मी न्हाई बाई लावला."

माझ्या लिस्टमध्ये मात्र तिचा कॉल होता. बावीस सेकंद.

सेंटरमधल्या डॉक्टरबाईंना मी आवाजाचं सांगितलं नाही — लाज वाटली. फक्त विचारलं, "लघवी अडकली असेल का हो?"

त्यांनी फाइल बाजूला सारली. "शेवटची नीट कधी झाली?"

मला माहीत नव्हतं. फोनवर आई म्हणाली, "थोडं थोडं कापडाला लागतंय की." बाईंनी तिलाच आप्पांच्या बेंबीखाली हात ठेवायला सांगितला.

"आवं, दगडावाणी लागतंय," आई म्हणाली आणि रडायलाच लागली.

बाईंनी कोरेगावच्या ओळखीच्या नर्सला तातडीने पाठवलं. तिने नळी घातली तर सव्वा लिटर लघवी निघाली. डोक्यात काही गेलं नव्हतं! पोट फुटायची वेळ आली होती, आणि आम्ही माणसाला बांधून घातलं होतं.

संध्याकाळी बाईंनी दिलेलं मॉर्फिन घेऊन पोचले. आप्पा उशीला टेकून बसले होते, हात मोकळे. मी मनगटांवरचे वळ बघितले. धीर करून विचारलं, "आप्पा, तुमी मला फोन केलावता का?"

त्यांनी पाटी मागितली आणि एकच शब्द लिहिला — 'कशानं?'

त्यानंतर एकोणीस दिवस गेले. बरे गेले, असं म्हणते. रोज स्वतःच्या हाताने दाढी केली, चहा प्याले, आईवर डोळे वटारले. गेले ते झोपेत.

मोबाइलवाला म्हणाला, कधीकधी आपोआप लागतो फोन. लागला असेल. पण स्वरयंत्र नसलेला माणूस बोलतो कसा? माझ्या भावाचं म्हणणं — ताई, भास झाला तुला. म्हणा भास. फक्त एवढं कुणीतरी समजावून सांगा... डॉक्टरला कळलं नाही, आईला कळलं नाही, उशाशी बसलेल्या मला कळलं नाही — ते भासाला कसं कळलं?