मंगलचा उडता खेळ

सोनपेठहून मंगलच्या भावाचा फोन आला तेव्हा मी झरीत गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "मंगल गेली," तो म्हणाला... पुढचं मला ऐकूच आलं नाही.

आमची मैत्री झरीच्या शाळेतली. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय लुळा पडला होता. खो-खोच्या वेळी ती ओट्यावर शिट्टी घेऊन बसायची; तिनं बाद म्हटलं की कुणी वाद घालत नसे. पुढं ती सोनपेठला शिक्षिका झाली आणि चाळिशीत तिनं एक पुस्तक लिहायला घेतलं. उडत्या खराट्यांवर बसून खेळायच्या, जगात कुठंच नसलेल्या एका खेळाची मार्गदर्शिका!

लिहिताना मात्र ती जराही हसत नसे. मैदान गोदावरीच्या वर. चेंडू पाण्यात पडला तर पुढच्या गावाला सापडेपर्यंत डाव थांबवायचा. गंगाखेडच्या संघानं तिथल्या साखर कारखान्याच्या धुरातून उडायचं नाही. बसायला अंगणातला खराटाच घ्यायचा, केरसुणी नाही, कारण केरसुणीचं नाव काढताच तिची आई, "लक्ष्मीवर बसतीस व्हय?" म्हणत ताटावरून उठली होती. आणि उड्डाण बसल्या जागेवरूनच, पळत येऊन नाही.

परभणीहून छापून आणलेली पहिली प्रत तिनं माझ्या हातात दिली. यात पंच तूच ना, असं मी सहज विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मी खेळणार हाय. पंच लय वर्षं झाले मी."

त्याच वर्षी हिवाळ्यात तिच्या वर्गातल्या मुलींनी शाळेच्या पटांगणात तो खेळ मांडला. मुली पायांत खराटे धरून पळत होत्या. मंगलही उतरली. दोघींनी तिला खराट्यासकट अलगद उचललं, तिसरीनं चेंडू दिला आणि तिनं तो टांगलेल्या कड्यातून पार केला. पदर सुटला होता, चप्पल कुठंतरी पडली होती. खाली ठेवू का, असं मुलींनी विचारलं तेव्हा तिनं मान हलवली... अजून थोडं, म्हणाली.

पुढच्या पावसाळ्याच्या आत आजारानं तिला नेलं.

दुपारी फोन करून तिकडं वारं कसं हाय, हे विचारायची तिची सवय होती. मी दारातल्या कडुलिंबाचे शेंडे पाहून सांगायचे आणि मग आज खेळ होईल की नाही, ते ती ठरवायची. परवा वारं सुटलं. मी बाहेर आले, शेंड्यांकडं पाहिलं. मंगल, आज वारं लय चांगलं हाय...