नावं ठेवायला कमठाण्याला

बीदरच्या गाडीत बसल्याबसल्या समोरच्या बाईंनी मला ओळखलं. "तुम्ही खाण्याचा ब्लॉग लिहिता ना?" असं विचारून त्यांनी डबा उघडला. चाहत्यांनी डबा उघडला की त्यांना चव सांगायची नसते, प्रशस्तिपत्रक द्यायचं असतं. मी कोथिंबीरवडी खाल्ली. ती वातड होती आणि मी तसं सांगितलं. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी लगेच मुलीला फोन लावला, "अगं, त्या माझ्या वडीला वातड म्हणाल्या. हो, समोर बसूनच."

माझ्या ब्लॉगचं हे असं होऊन बसलं आहे. सुरुवातीला मी खरोखरच्या संतापाने लिहीत असे. पैसे मोजून शिळी आमटी खाल्लेल्या माणसाचा संताप, दुसरं काही नाही. पण वाचकांना त्या संतापाचीच गोडी लागली. आता कुणाचं कौतुक करायची मला चोरी आहे. मागे एका खानावळीच्या वरणाला मी चुकून बरं म्हटलं, तर "ताई, तब्येत ठीक आहे ना?" अशी विचारपूस करणारे निरोप आले. चाहते म्हणजे काय, तर आपल्याला एकदा जे जमलं तेच जन्मभर करायला लावणारे लोक.

त्यात शरद ऋतू आला की आमच्या ब्लॉगवाल्या जमातीला चेव येतो. कोजागरीच्या आठवडाभर आधीपासून जो तो केशरी दुधाचे पेले फोटोत लावून बसतो. सीताफळाच्या रबडीवर गुलाबपाकळ्या टाकतात, त्या काढून टाकल्याशिवाय रबडी खाता येत नाही, आणि खाली "आठवणींची चव" असं लिहितात. बहुतेकांनी सीताफळाचं झाड पाहिलेलं नसतं. या सगळ्यांची जिरवावी म्हणून मी ठरवलं, की आपण थेट झाडापाशी जायचं.

झाड आयतं मिळालं. बीदरजवळच्या कमठाण्याच्या शकुंतलाअक्का माझ्या जुन्या वाचक. माझ्या प्रत्येक लेखाखाली त्या काहीतरी लिहितात, आणि ते बऱ्याचदा माझ्या लेखापेक्षा मुद्द्याचं असतं. "आमच्या बांधावरचं सीताफळ खाऊन जा," असं त्या दरवर्षी लिहायच्या. कोजागरीनंतर येते म्हणाले होते. तिकीट मात्र दसऱ्याच्या दिवसाचं मिळालं, म्हणून दोन दिवस आधी त्यांना कळवून मी निघाले. त्यांनी फक्त "या" एवढंच लिहिलं.

बीदरला सकाळी उतरले. वाट वाकडी करून किल्ला पाहिला. किल्ला उत्तम आहे. वाईट आहेत ते त्याच्यापुढे उभे राहणारे. एक तरुण मोबाईलपुढे उभा राहून "दोस्तों, ये जगह किसी को नहीं मालूम" असं ओरडून सांगत होता. त्याच्यामागे शाळेच्या सहलीची पोरं रांगेने चालली होती. लालबुंद दगडाचा एवढा अवाढव्य किल्ला कुणाला माहीत नाही म्हणजे कमाल झाली. त्याचं बोलणं तीनदा चुकलं, तिन्ही वेळा मी ऐकलं, आणि मग रिक्षा शोधायला निघाले.

रिक्षावाल्याला माझा बेत अजिबात पटला नाही.

"कमठाना में क्या है मॅडम? सीताफल तो यहीं मिलता, मैलूर में ठेला लगाते. उसके वास्ते इत्ते दूर कू जाते क्या?"

"झाडाखाली बसून खायचंय."

"पेड का क्या करना? मीठा हुआ तो हुआ," असं म्हणून त्याने रिक्षा सुरू केली. वाटेत दोन्ही बाजूंना तांबडी माती, काढणीला आलेलं सोयाबीन आणि तुरीची हिरवी रानं होती. त्यांच्याकडे पाहायला मला बरं वाटत होतं, हे मी ब्लॉगवर लिहिणार नव्हते.

शकुंतलाअक्का दारातच उभ्या होत्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईचा खणखणीत आवाज. आदल्या दिवशी धम्मदीक्षेचा दिवस झाला होता, दारावर पंचशील ध्वज अजून होता आणि घरात विहारातली खीर शिल्लक होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शेत त्यांचे धाकटे दीर भीमराव बघतात. तेही ओसरीवर येऊन बसले होते.

"ह्ये आमचे भावजी," अक्का म्हणाल्या. "मी मोबाईलवर तुमचं वाचते, ह्ये डोळं झाकून ऐकत्यात."

"त्या महामार्गावरल्या धाब्याला काय झाडलाव ओ तुमी," भीमराव म्हणाले. "मी दोनदा वाचाय लावलो. तुमचं येक बरं हाय ताई, तुमी तोंडदेखलं बोलत न्हाई."

जेवायला ज्वारीची कडक भाकरी, येणगाय (भरलं वांगं), पुंडी (अंबाडीची भाजी) आणि शेंगाची पोळी (शेंगदाण्याचं सारण भरलेली) होती. मी सवयीने खोड शोधायला लागले. मीठ बरोबर होतं. तिखट बरोबर होतं. पोळी इतकी पातळ, की तिला नावं ठेवायला तिसऱ्यांदा मागून घ्यावी लागली. माझा धंदा बुडवणारं असं जेवण मी फार दिवसांत जेवले नव्हते आणि मला त्याचा राग येत होता.

हात धुवायला अक्कांनी मागच्या अंगणात नेलं आणि तिथे आवाज खाली केला.

"ताई, येक काम हाय तुमच्याकडं. ती सीताफळं मी लावल्याली हायत. लगीन होऊन आले तवा औरादहून, माहेरहून बिया आणल्ते. घागरीनं पाणी घातलं. शेतातलं समदं घरादाराचं, बांधावरलं तेवढं माझं. आता भावजी म्हणायलेत, सोयाबीन निघालं की बांध साफ करायचा. टॅक्टर वळत न्हाई म्हणं."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"समद्यांनी सांगून झालं. पावणे येत्यात, खात्यात, लई ग्वाड हाय म्हणत्यात. भावजी म्हणत्यात, ग्वाड म्हणल्यानं टॅक्टर वळतोय व्हय? पर तुमी कुणालाच चांगलं म्हणत न्हाई. तुमी म्हणलाव तर त्यांना पटंल."

खरं सांगते, माझं पित्त खवळलं. म्हणजे मलाही प्रशस्तिपत्रकासाठीच बोलावलं होतं. गाडीतल्या वडीवाल्या बाई आणि अक्का यांत फरक काय? पण बोलताना अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. ते पाहून मला वाईट वाटायला लागलं. फळ चांगलं निघावं असं मला मनापासून वाटलं. परीक्षकाने असं वाटून घेणं चूक असतं.

ओसरीवर परत आलो. अक्कांनी कोपऱ्यातल्या कणगीतल्या (धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली) भुशात हात घातला आणि एकेक सीताफळ बाहेर काढलं. सगळी काळी पडली होती.

सीताफळाचं एक असतं. अंगावरच्या खवल्यांमधल्या खाचा रुंदावून पांढुरक्या झाल्या, की त्याचे डोळे उघडले म्हणतात. मग तोडून भुशात ठेवलं की ते चार दिवसांत पिकतं. त्याआधी तोडलं तर जन्मात पिकत नाही, काळं पडून टणक होतं. अक्कांना हे माझ्यापेक्षा शंभर पटींनी ठाऊक होतं. पण मी ठरल्यापेक्षा आधी येऊन टपकले होते, आणि दारी आलेल्या पाहुणीला झाडाखाली नेऊन "अजून व्हायचंय" म्हणणं त्या घराच्या रीतीत बसत नाही. त्यांनी डोळे मिटलेलीच फळं तोडून भुशात पुरली आणि जमेल तितकी आशा केली.

त्यातल्या त्यात बरं फळ त्यांनी गुडघ्यावर दाबून फोडलं. मी खाल्लं. कच्चा बटाटा लागतो तसं लागलं, वर तुरट. भीमराव माझ्या तोंडाकडे बघत होते. अक्का भिंतीकडे बघत होत्या.

खोटं बोलावं, असं मनात आलं. पण समोरच्या माणसाने माझा शब्दन् शब्द डोळे मिटून ऐकला होता. मी गोड म्हटलं असतं तर त्याने ते पहिल्याच घासाला ओळखलं असतं आणि मग अक्कांची झाडंही गेली असती, माझी पतही. आणि एक सांगायचं तर, वाईट चवीपुढे माझी जीभ मला आवरत नाही.

"अक्का, हे फळ नाही, दगड आहे," मी म्हणाले. "पुण्यात हातगाडीवर उन्हात वाळतं ना, त्यालाही याच्यापेक्षा चव असते."

अक्कांनी मान खाली घातली. मला स्वतःची किळस आली.

भीमराव पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "ह्ये लिवणार?"

"लिहिणार."

"कमठाण्याचं नाव घालून?"

"नाव घालून."

त्यांनी उरलेलं अर्धं फळ हातात घेऊन फिरवून पाहिलं. "वैनी, डोळं उघडायच्या आदी कामून तोडलाव?" मग माझ्याकडे वळले. "गाड्यावरलं बरं म्हणलाव आमच्यापरीस?"

"म्हटलं."

"मग पुढल्या साली यायचं. मी सोता तोडून, सोता पिकवून देतो. मग बोला."

"पुढल्या साली झाडं कुटं ऱ्हायल्यात, भावजी?" अक्का मान वर न करता म्हणाल्या.

भीमराव चिडले. "आता कसं तोडायलो? पुण्याच्या बाई दगड म्हणून गेल्या आन् मी झाड तोडलं, तर गाव काय म्हणंल? खरंच दगड हुता म्हणून तोडलं म्हणतील. टॅक्टर तिकडल्या अंगानं वळवू म्हणं."

एवढं बोलून ते उठून गेले. लोकांच्या गोड बोलण्याने जे झालं नव्हतं ते माझ्या एका तुसड्या वाक्याने झालं. मी त्या बांधासाठी काही केलं असं म्हणवत नाही, मी फक्त जीभ सैल सोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी अक्का मला बांधावर घेऊन गेल्या. शेंड्याला, उन्हाच्या बाजूला, एकच फळ वेळेआधी डोळे उघडून पिकलं होतं आणि पोपटांनी ते अर्धं खाल्लं होतं. अक्कांनी आकडीने फांदी वाकवून ते खुडलं, उष्टी बाजू काढून टाकली आणि उरलेलं माझ्या हातावर ठेवलं.

मी बांधावर बसून ते खाल्लं. रवाळ, सायीसारखं घट्ट, आणि गोडी अशी की मागाहून पाणी प्यावंसं वाटेना. बिया थुंकायचंही मी लांबवत होते.

"कसं हाय?" अक्कांनी विचारलं.

"असं सीताफळ मी आजवर खाल्लेलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

अक्का हसल्या आणि मग एकदम घाबरल्या. "ह्ये लिवू नका, ताई. तुमी चांगलं म्हणलाव की भावजींचं समाधान झालं. दुसऱ्याच दिवशी बांध साफ करतील."

"मग काय लिहू?"

"दगडच लिवा. लई वाईट लिवा."

परतीच्या गाडीत मी ब्लॉगवर लेख टाकला. कमठाण्याच्या सीताफळाची इतकी निंदा केली की वाचणाऱ्याचे दात आंबावेत. चाहते खूष झाले. "ताई, जुन्या फॉर्मात आलात," असं एकाने लिहिलं. अक्कांच्या मोबाईलवरून भीमरावांचा निरोप आला, "पुढल्या साली बगू."

खरं काय ते इथे पुस्तकात लिहायला हरकत नाही. भीमराव ब्लॉग ऐकतात, आणि माझी पुस्तकं माझे चाहते विकत घेत नाहीत हा माझा जुना अनुभव आहे. पण पुढच्या शरदात मला जावंच लागेल. भीमराव त्यांच्या हाताने पिकवलेलं, बहुधा अमृतासारखं लागणारं सीताफळ माझ्यापुढे ठेवतील, आणि मला नाक मुरडून म्हणावं लागेल, की अजून जमलं नाही, पुढच्या वर्षी बघू. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. ज्या जिभेने आयुष्यभर चांगल्याला चांगलं म्हणायची टाळाटाळ केली, तिची आता कुठे खरी परीक्षा आहे, आणि गोड घास तोंडात धरून चेहरा वाकडा करायचा सराव मी आरशापुढे सुरूही केला आहे.