बाईंचा काटा आणि जर्मनचं पातेलं

बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसे, काटा असे. स्वयंपाकघरात मैदा-साखर तोलतात तो बॅटरीवरचा, तळहाताएवढा वजनकाटा. कुठलीही वस्तू त्या आधी काट्यावर ठेवत आणि मग मत देत. मी वाचनालयात काम करतो. एकदा एक गाजलेली कादंबरी त्यांनी माझ्या टेबलावरच तोलली. "सहाशे ग्रॅम. एवढं सांगण्यासारखं काय आहे, बघू." चार दिवसांनी परत आणली तेव्हा म्हणाल्या, "दोनशेत भागलं असतं."

परभणीतल्या मुलींच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी शाळेची सहल कुठल्या ना कुठल्या गडावर जाई आणि दरवर्षी बाई पायथ्याशी खिचडीच्या पातेल्यापाशी थांबत. आधी सगळ्यात लहान म्हणून थांबवलं, नंतर सगळ्यात अनुभवी म्हणून. "तीस वर्षांत लय गड पाहिले," त्या सांगत, "पण खालूनच. गडाचं बूड मला पाठ आहे."

निवृत्त झाल्यावर त्या आमच्या गिरिभ्रमण मंडळात आल्या. मंडळ चौघांचं: बाई, मी, बँकेतले एक अबोल गृहस्थ आणि अध्यक्ष. चौघांत अध्यक्ष कशाला, हे विचारायची सोय नव्हती. त्यांच्या छातीवर तसा बिल्ला होता. नगर जिल्ह्यातल्या एका गडावर दोन दिवस जायचं ठरलं. बाईंच्या गुडघ्यांकडे बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाठीवर पाच किलोच्या वर काही नको. मंडळाचा नियम असा, की सामायिक सामानातला वाटा ज्यानं त्यानं उचलायचा. अध्यक्षांनी तोडगा काढला आणि एक नवा बिल्लाही. "बाई, तुम्ही बेस कॅम्प प्रमुख."

"म्हणजे खाली पातेल्यापाशी बसायचं ना?" बाईंनी विचारलं.

अध्यक्ष हसले. बाई हसल्या नाहीत. "चौघांची चूल मी उचलते. भांडं, गॅस, बेसन, सगळं. माझ्या कपड्यांसकट पिशवी पाच किलोच्या आत बसली तर मी वर येणार. नाही बसली तर बिल्ला लावते."

अध्यक्षांकडे ऑनलाइन मागवलेलं टायटॅनियमचं भांडं होतं. उंच, अरुंद, कागदासारखं हलकं. विमानाच्या धातूवर त्यांनी आम्हाला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. बाईंनी भांडं तोललं, खूश झाल्या, घरी नेलं आणि गच्चीवर त्यात पिठलं केलं. ज्योतीच्या आकाराचं एक काळं कडं बुडाला जळून बसलं आणि वरचं पिठलं कच्चंच राहिलं. "भांडं वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण ते पाणी उकळायचंय. ज्यांचं जेवण पाकिटात पाणी ओतलं की होतंय, त्यांच्यासाठी. आपलं बेसन बुडाशी बसतंय. त्याला पसरट भांडं लागतंय, अन् बूड जरा जाड."

मग त्या राणीसावरगावला गेल्या. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी तिथून दरवर्षी ऊसतोडीला जाते. सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरवर चढवणाऱ्या बाईइतकं हे कुणाला कळणार, असा त्यांचा हिशेब. ती म्हणाली, "बाई, एकात एक न बसणारं भांडं आमी नेतच न्हाई. अन् कान असलेलं तर बिल्कुल न्हाई. कान दुसऱ्याच्या पोटात जात न्हाईत."

परभणीच्या भांडेबाजारात बाईंनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, अकरा पातेली काट्यावर ठेवली. गॅसचा छोटा डबा सोबत नेला होता; तो प्रत्येकात घालून बघितला. दुकानदार बेजार झाला. "बाई, घ्यायलाव का नुसतं तोलायलाव?"

"तुमी थोडं थांबा. मला हे पाठीवर न्यायचंय."

शेवटी दोन लिटरचं, बिनकानाचं, उभ्या काठाचं एक पातेलं निघालं. झाकण म्हणून जेवायची ताटलीच बसली. सांडशीचे दांडे त्यांनी अर्धे कापून आणले. पातेल्यात गॅसचा डबा, डब्याभोवती फडकं, बाजूला घडीचा स्टोव्ह, उरलेल्या फटींत तिखट-मिठाच्या पुड्या. मग ते कानाशी धरून त्या हलवत. "वाजलं म्हणजे जागा वाया गेली." गच्चीवर चार वेळा पिठलं झालं, प्रत्येक वेळी गॅसचा डबा आधी आणि नंतर तोलला. झाकण ठेवलं की किती वाचतो, वाऱ्याला आडोसा केला की किती, हे वहीत लिहिलं. निघायच्या दिवशी अध्यक्षांसमोर पिशवी काट्यावर ठेवली. चार किलो नऊशे. बँकेतल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना तसं करताना तेवढ्या एकदाच पाहिलं.

बाईंना जाऊन आता वर्ष झालं. शोकसभेत अध्यक्षांनी त्यांना 'अन्नपूर्णा' म्हटलं. माणूस भला आहे, डोळ्यांत पाणीही खरं होतं. पण पातेल्यापासून उठण्यासाठी ज्यांनी एवढा खटाटोप केला, त्यांना आम्ही शेवटी परत चुलीपाशीच नेऊन बसवलं, असं मला वाटलं.

त्या वेळी गडाच्या माचीवर आम्ही सामान उतरवून स्टोव्ह मांडला होता. बालेकिल्ला अजून तासाभरावर. भोवती माकडं जमली. अध्यक्ष म्हणाले, "सामानापाशी कुणीतरी थांबावं लागेल." त्यांनी नाव घेतलं नाही. आम्ही तिघांनी बाईंकडे बघितलं. मीसुद्धा.

बाईंनी स्टोव्ह मिटला, पातेल्यात घातला, झाकण लावलं, पिशवी पाठीला अडकवली. दोन मिनिटंही लागली नसतील. "चला की. काऊन थांबलाव?" आणि त्या पुढे निघाल्या.

पिठलं बालेकिल्ल्यावर झालं, भिंतीच्या आडोशाला. घरून आणलेल्या दशम्यांबरोबर खाल्लं. करपलं नव्हतं. बाई कितीतरी वेळ कड्याशी उभ्या राहून चारी बाजूंना बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो तर पायथ्याशी एसटी उभी. कुठल्याशा शाळेच्या मुली ओळीनं वर निघालेल्या. मागे मोठ्या पातेल्यापाशी एक तरुण शिक्षिका खिचडी हलवत होती. बाई सरळ तिच्याकडे गेल्या, तिच्या हातातलं उलथनं घेतलं आणि अध्यक्षांच्या हातात दिलं.

"ह्यांच्याकडे बिल्ला आहे. तू जा वर."

ती घुटमळली, मग पळाली. पहिल्या दरवाजापाशी पोचल्यावर मागे वळून ओरडली, "अजून मीठ घालायचंय हो!"

बाईंनी तोंडाशी हात धरले. "तू वर बघ!"