शेठचं विमान आणि मरणारा काटा

सत्तरच्या दशकात धुळ्याला माझं मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं. दोंडाईच्याच्या एका मारवाडी शेठनी विमान जोडायला घेतलं, तेव्हा त्यांना मदतीला मीच आठवलो. विमान मी फक्त आकाशात पाहिलं होतं. पण हे सांगायला गेलो असतो तर काम हातचं गेलं असतं.

शेठची सरकीच्या तेलाची गिरणी होती. परदेशातल्या मेहुण्यानं सुट्या भागांच्या पेट्या पाठवल्या होत्या आणि गिरणीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेठ ते एका माणसाचं विमान जोडत बसायचे. लाकडी सांगाडा, वर कापड, पुढे मोटारीचं इंजिन. उडवायची सरकारी परवानगी यायची होती. तोवर मागच्या पडीक रानात नुसतं पळवून बघायचं.

पण ते धड पळतही नव्हतं. इंजिनाच्या तेलात बोटभर लांबीची एक पितळी सुई बसवलेली होती. तेल किती तापलंय ते ती ओळखायची आणि समोरच्या काट्याला कळवायची. शेठ तिला इंजिनाची नाडी म्हणत. तो काटा मधेच शून्यावर पडायचा. काटा मेला की इंजिन बंद, हा शेठचा नियम. मग मेहुण्याकडून नवी नाडी यायची, आणि तीही काही दिवसांत मरायची.

पहिला दोष मी पटकन पकडला. तेल गळू नये म्हणून शेठ सुईच्या आट्यांना सफेदा फासून वर दोरा गुंडाळत. त्या सुईची अर्थिंग आट्यांमधूनच मिळायची. दोऱ्यानं तीच तोडली होती. मी आटे घासून सुई कोरडी बसवली, काटा उठला, आणि शेठनी मागवलेल्या जिलब्यांतल्या दोन मी जास्त खाल्ल्या.

पंधरवड्यात पुन्हा निरोप आला. आता सुईच्या डोक्यावरचा, वायर धरणारा नट ढिला. "थरथर फार आहे," मी म्हणालो आणि वर दुसरा नट आवळला. तोही ढिला झाला, आणि त्याच्या कडा पान्यानं खरवडलेल्या दिसल्या. थरथर काही पाना घेऊन येत नाही.

दुपारी शेठ जेवून आडवे झाले तसा मी शेडमध्ये सरकीच्या पोत्यांमागे बसलो. थोड्या वेळानं भाभी आल्या. शेठची बायको. पदराखालून पाना काढला आणि सराईत हातानं नट सैल केला.

"भाभी," मी म्हणालो.

त्या दचकल्या नाहीत. माझ्याशी त्या नेहमी अहिराणीतच बोलत. "भाऊ, येमा बसाले एकच जागा शे ना?"

"एकच शे."

"मंग मी कोठे बसू?"

मला वाटलं होतं त्या जिवाला घाबरतात. राग निराळाच होता. मी शेठना सांगणार नाही, त्यांनी नटाला हात लावायचा नाही, आणि एकदा त्यांना विमान पळवायला मिळायचं, असं आमचं ठरलं. "नुसतं बसून बघू द्या," असं मीच शेठना पटवलं.

भाभींनी पदर खोचला, शेठचा काळा चष्मा लावला. मी पंखा फिरवून इंजिन सुरू केलं. शेठ कानात ओरडून काय काय शिकवत होते, ते अर्ध्यावरच विमान निघालं. रानाच्या मधोमध एका उंचवट्यावरून ते वीतभर हवेत गेलं आणि पलीकडे टेकलं. परत येऊन भाभी उतरल्या आणि म्हणाल्या, "परवानगी मना नावनी बी मांगा."

शेठ त्या दिवशी चहा प्यायले नाहीत.

पुढच्या आठवड्यात काटा मेला. मी भाभींकडे पाहिलं. त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. दुपारी पुन्हा पोत्यांमागे जाऊन बसलो. या वेळी पाना घेऊन शेठ आले. मला पाहून ते तिथल्या पेटीवरच बसले.

"ती खरंच वर जाईल हो," ते म्हणाले. "मी ओळखतो तिला."

"आणि तुम्ही?"

"माझं काय, मी परवानगीची वाट बघतोय."

मी मान डोलावली. पण धुळ्याला परतण्याआधी नटाच्या खाली, सुईच्या वरच्या टोकालाच डाख देऊन एक बारीक वायर जोडली आणि ती कापडाच्या आतून काट्यापर्यंत नेली. आता वरचा नट कोणी काढून खिशात घातला तरी काटा चालणार होता.

रविवारी मी पुन्हा गेलो, तेव्हा भाभी परत विमानात बसल्या. इंजिन तापलं, काटा हळूहळू वर चढला. शेठनी काट्याकडे पाहिलं, नटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारणार काय? मी विमानाच्या शेपटीवरची धूळ पुसत होतो.

परवानगी कधी आली नाही. भाभी मात्र पुढे बरेच रविवार रानाच्या टोकापर्यंत विमान पळवून आणायच्या, आणि बांधावर उभे राहून शेठ हातवारे करत त्यांना सावकाश, सावकाश म्हणत राहायचे.