आपाची बारमाही घरं

कुठल्याही नव्या गल्लीत शिरली की वायरवाली आपा आधी कोंबड्या बघायची. माणसं नंतर. पहिल्यांदा मी तिच्यासोबत गेलो तेव्हा मला वाटलं, बाईला आज रस्सा करायचाय. तर ही चष्मा कपाळावर चढवून, कमरेवर हात ठेवून म्हणते, "चार घरं. बाकी बठ्ठा हंगामी."

आमच्या तळोद्याकडे दिवाळी झाली की गल्ल्याच्या गल्ल्या गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला परत येतात. तेवढे महिने दाराला कुलूप. कुलूप लावलेल्या घरात इंटरनेटचं रिचार्ज कोण करणार? पण पावसाळ्यात बघाल तर सगळीच घरं भरलेली, कोण जाणार नि कोण राहणार ते कळत नाही. आपाचा हिशोब सोपा होता. कोंबडी आहे म्हणजे तिला दाणे टाकणारं माणूस मागे राहणार. माणूस राहणार म्हणजे रिचार्ज होणार. अशा घराला ती बारमाही घर म्हणायची, जसं काही विहिरीबद्दल बोलतेय.

एकदा एका मोठ्या कंपनीचा माणूस गाडीवर सर्व्हे करायला आला होता. गळ्यात पट्टा, हातात टॅब. तो छपरं मोजत होता, आपा कोंबड्या मोजत होती. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यानं आकडा सांगितला. आपानं त्याच्याकडे असं बघितलं, जसं पोरगं पेपर कोरा देऊन आलंय.

आपाचे मालक टीव्हीच्या केबलचा धंदा करायचे. ते गेले तेव्हा लोक म्हणाले, खांब भंगारात विक आणि मोकळी हो. आपानं नंदुरबारहून फायबरची लाईन आणली आणि त्याच खांबांवरून गावात फिरवली. मी नुकताच आयटीआय करून रिकामा हिंडत होतो, मला काच जोडायला ठेवलं. फायबर म्हणजे केसाएवढी काच. जोडताना शिंक आली की काम परत पहिल्यापासून. गल्लीच्या तोंडाशी एक डबी बसायची, एका डबीतून आठ घरं. त्यातली पाच बारमाही असली तरच आपा वायर ओढायची. "वायर रस्तावर ऱ्हास तवलोंग खर्चा," ती म्हणायची, "घरमा गयी का कमाई. समजनं का?"

हे "समजनं का" प्रत्येक वाक्याला असायचं. फोन उचलला की, "हां, वायर बोली ऱ्हायनी." आवाज असा घोगरा की पलीकडचा माणूस आधी फोन कानापासून लांब धरायचा.

कनेक्शन मात्र ती बायांनाच विकायची. दुपारी गच्चीवर पापड वाळत असतात, तिथं. वायर गच्चीवरूनच जाणार, म्हणून परवानगीही तिथंच आणि गिऱ्हाईकही तिथंच. एखादी म्हणायची, "आपा, मोबाईलमा नेट शे ना आमनाकडे." आपा पापड उलटायला लागायची. "मोबाईल धन्यासंगे बाहेर जास, बाई. वायर घरमा ऱ्हास, तुन्हासंगे." पुढच्या आठवड्यात त्या घरी आमची शिडी.

आता माझी गोष्ट. मला नकला करायची खोड. शाळेत हेडसरांचा आवाज काढून मी दोन वेळा सुट्टी जाहीर केली होती, त्यातली एक खरीच झाली. आपाचा आवाज तर मला झोपेतही यायचा. ती मला "नकल्या"च म्हणायची, पण स्वतःची नक्कल तिनं कधी ऐकली नव्हती. तेवढी हिंमत नव्हती माझी.

पाटाच्या पलीकडे एक गल्ली आहे. शेवटच्या खांबापासून लांब, आणि बारमाही घरं फक्त दोन. तिथली रमिला आपाकडे यायची. तिला नवऱ्यासोबत तोडीला जायचंच होतं, पण मुलगी निशा दहावीत होती. तिला आजीजवळ ठेवायचं, आणि रोज संध्याकाळी तोंड बघायला मिळालं तरच ठेवायचं. गल्ली उताराला, मोबाईलला रेंज नाही. "आपा, वायर दे ना," ती म्हणाली. आपा म्हणाली, "नही परवडत, रमिला." महिन्याभरानं ती परत आली. आपाचं परत नाहीच. आमच्याकडे वायरचा एकच ड्रम शिल्लक होता, आणि तो बायपासजवळच्या नव्या प्लॉटांसाठी ठेवला होता. तिथं गुरुजी, तलाठी, बँकवाले, सगळी घरं बाराही महिने उघडी. कंपनीचाही डोळा तिथंच होता. आधी पोचेल त्याची घरं.

एका दुपारी आपा बाहेर गेली होती. ऑफिसात मी आणि दोन लाईनमन. फोन वाजला, पलीकडे रमिला, बाजारातून. लाईनमन माझ्याकडे बघून हसायला लागले. मग काय, मी घसा खरवडला. "हां, वायर बोली ऱ्हायनी. रमिला, काळजी करू नको. दिवाळीना पहिले वायर येस. पोरले अठेच ठेव. समजनं का?"

लाईनमन हसून हसून खुर्चीवरून घसरले. मीही हसलो. संध्याकाळपर्यंत विसरलो.

चार दिवसांनी रमिला डोक्यावर हे एवढं डांगर, लाल भोपळा, घेऊन दारात. आपाच्या पायाशी ठेवलं. म्हणाली, "आपा, मी मुकादमाला सांगून टाकलं. टोळीतून पोरीचं नाव काढलं. तू फोनवर बोलली म्हणून."

आपानं डांगराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी वायरच्या भेंडोळ्यात तोंड घातलं.

"हां," आपा रमिलाला म्हणाली, "सांगेल व्हतं ना मी. बठ, चहा ले."

ती गेल्यावर मी कसाबसा बोललो, "आपा, मी जाईसन सांगस तिले, मस्करी व्हती."

"कोनले सांगशी? मुकादमले?" ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "तिनी मन्हा आवाज ऐकेल शे. आते वायर जाई. ड्रम उचल."

चार दिवस लागले. पाट ओलांडायला बांबू रोवले, कौलांवरून जपून गेलो. पन्नाशी उलटलेली बाई स्वतः शिडी धरून उभी होती. दिवाळीच्या आदल्या दिवशी रमिलाच्या घरात हिरवा दिवा लागला. नव्या प्लॉटांत कंपनी शिरली. एका गुरुजींचा फोन आला, "आपा, आम्ही तुमच्यासाठी थांबलो होतो हो." आपा म्हणाली, "लेई ल्या गुरुजी. चांगली शे त्यासनी बी."

त्या हिवाळ्यात पाटापलीकडे कुलपंच कुलपं. डबीत आठ तोंडं आणि चालू तीन. पण सात वाजता उंबऱ्यावर निशा आणि आजी बसायच्या, आणि स्क्रीनवर उसाच्या फडातून आलेली रमिला, तोंडाला जाळलेल्या उसाची काजळी. "पाणी भरलं का? दार नीट लावता का?" आजी स्क्रीनला नाक लावून मोठ्यानं ओरडायची, फोनवर नाही, थेट गुजरातेत ऐकू गेलं पाहिजे म्हणून. मी तिथं काही ना काही दुरुस्तीचं निमित्त काढून जायचो. निशा पास झाली. फार मार्क नाहीत, पण पास. पुढच्या दिवाळीला आणखी दोन घरांनी माणूस मागे ठेवलं. तरी एवढ्या लांबच्या वायरीचा खर्च ती गल्ली काही काढेना.

प्लॉट गेले तेव्हापासून धंदा बसतच गेला. शेवटी आपानं नेटवर्क त्या कंपनीला देऊन टाकलं आणि सुरतेला मुलीकडे जायचं ठरवलं. कंपनीच्या माणसानं गल्ल्यांची यादी वाचली. पाटापलीकडची गल्ली त्यात नव्हती. मी आपाकडे बघितलं.

"ती कोन लेस?" ती म्हणाली. "ती तुन्ही." आणि डबीची किल्ली माझ्या खिशात टाकली. आता दिवसा मी कंपनीत काच जोडतो, आणि ती आठ घरं माझी मी चालवतो.

सुरतेच्या बसमध्ये मी तिची पिशवी वर ठेवली. खाली उतरणार तेवढ्यात ती म्हणाली, "नकल्या, रमिलाले फोनवर काय बोलना व्हता तू? मन्हा आवाजमा बोल."

"आपा, आते कसाले..."

"बोल ना."

भरल्या बसमध्ये मी घसा खरवडला आणि सगळं बोललो, "समजनं का"पर्यंत. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. आपा डोळे मिटून ऐकत होती.

"मी इतली गोड नही बोलस," ती म्हणाली. मग पदर सारखा करत, खिडकीकडे बघत, "पन त्या दिवशी फोन मी उचलती तं हाईच सांगती."

बस हलली, मी उडी मारून उतरलो.

खोटं बोलली. रमिलाला तिनं दोनदा नाही म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा मी शेजारीच बसून वायर सोलत होतो.